पडल्यावर हात चोळू नका



आपल्या ठाणाकुशनूर परिसरातील पुष्कळ मुले आज शिक्षणासाठी व नोकरीसाठी पुणे, हैदराबाद, बंगळूर येथे राहतात. सणासुदीला ती घरी येतात तेव्हा कोणाकडे रुंद टायरची, गिअरची सायकल असते. कोणाच्या मोबाईलमध्ये खडकाला पालीसारखे चिकटल्याची छायाचित्रे असतात. शनिवार-रविवार आला की मित्रांचा गट डोंगराकडे निघतो. आईबाप आमच्याकडे येऊन विचारतात, "फादर, हे काय खूळ? वावरातले दगड वेचायला बोलावले तर येत नाही, आणि तिकडे दगडावर चढायला पदरचे पैसे मोडून जातो!"

मागे एकदा सुगीच्या तोंडावर असाच एक तरुण मनगट धरून आमच्याकडे आला होता. खडकावरून उतरताना तो हातावर पडला होता. सूज फारशी नव्हती, बोटे हलत होती. आम्ही म्हणालो, "मुका मार आहे. हळद लावून शेक, चार दिवसांत उतरेल." घरच्यांनी हात चोळूनही घेतला. चार दिवसांचे चार महिने झाले. शेवटी एक्स-रे काढला तेव्हा मनगटातील एक लहानसे हाड मोडलेले आणि न जुळलेले निघाले. पुढे शस्त्रक्रिया झाली; पण भरलेले पोते त्या हाताने आजही त्याला उचलवत नाही. त्याने आम्हाला कधी बोल लावला नाही. तरीही या पानावर या विषयावर लिहिण्याचे खरे कारण तेच आहे.

हे खेळ आहेत तरी काय?

डोंगरी सायकलीचा खेळ फार जुना नाही. १९७० नंतरच्या काळात अमेरिकेतील कॅलिफोर्नियात मरीन परगण्यातील काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन कच्च्या डोंगरवाटांनी खाली येत. १९७६ साली तेथे सुरू झालेल्या शर्यतीचे नाव 'रीपॅक', म्हणजे पुन्हा भरणे. उतारावर ब्रेक इतका तापे की चाकाच्या हबमधील ग्रीस जळून जाई आणि खाली पोहोचल्यावर ते पुन्हा भरावे लागे. आताच्या सायकलींना चांगले डिस्क ब्रेक, धक्के शोषणारा पुढचा काटा आणि खोल नक्षीचे टायर असतात. तरी उताराचा स्वभाव बदललेला नाही.

दुसरा खेळ बोल्डरिंगचा. उंच कडा दोराने चढणे हे प्रस्तरारोहण. दोर न लावता, पुरुष-दीड पुरुष उंचीच्या, क्वचित त्याहून थोड्या मोठ्या सुट्या शिळेवर चढणे हे बोल्डरिंग. खाली जाड गादी अंथरतात, पायांत घट्ट रबरी तळाचे बूट घालतात आणि घाम टिपण्यासाठी हाताला खडूसारखी पांढरी पूड लावतात. फ्रान्समधील गिर्यारोहक पॅरिसजवळच्या फाँतेनब्लो जंगलातील शिळांवर मोठ्या पर्वतांचा सराव करीत. त्या सरावातून पुढे स्वतंत्र खेळ झाला. २०१६ व २०१७ साली बोल्डरिंगची जागतिक चषक स्पर्धा नवी मुंबईत भरली होती, आणि २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्येही हा प्रकार होता. तेव्हा याला केवळ पोरखेळ म्हणता येत नाही.

दगडाची पारख

शेतकऱ्याच्या मुलाला दगड नवा नाही. आपल्याकडचा काळा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा थिजलेला थर. विहीर खोदताना वरच्या भागात गोल गोटे लागतात आणि त्यांचे कांद्यासारखे पापुद्रे सुटतात, हे आपण पाहिलेले आहे. असा पापुद्रा धरून चढणारा त्या पापुद्र्यासकट खाली येतो. बोटाच्या पेराने ठोकून पाहावे. पोकळ आवाज आला तर त्या जागी वजन टाकू नये. बीदरकडचा जांभा दगड सच्छिद्र असतो. बांधकामात तो टिकतो, पण उघड्या कड्याच्या टोकाला झिजून ठिसूळ होतो.

म्हणूनच आपल्या राज्यातील हा खेळ मुख्यतः हंपी आणि बदामीकडे चालतो. हंपीचा दगड ग्रॅनाइट. जमिनीच्या पोटात थंड झालेल्या या खडकाला भेगा पडल्या, भेगांतून पाणी मुरून कोपरे कुजले, आणि माती वाहून गेल्यावर एकावर एक रचल्यासारख्या गोल शिळा उघड्या पडल्या. हा दगड टणक, पण बोटांची साल काढणारा. बदामीचा तांबडा दगड म्हणजे वाळूचा खडक. तो पावसात भिजला की कणांची पकड सैल होते आणि कोरड्या दिवशी वजन पेलणारी कपार ओली असताना तुटते. पाऊस पडून गेल्यावर खडक आतून वाळेपर्यंत त्याला हात लावू नये. शिवाय दोन्ही ठिकाणी संरक्षित स्मारके आहेत. देवळांच्या वा लेण्यांच्या दगडावर चढणे हा खेळ नव्हे, गुन्हा आहे.

शिळांच्या फटीत फुरसे असते, कड्याला आग्यामोहोळ असते. फटीत न पाहता हात घालू नये. मोहोळ दिसले तर गलका, धूर, अत्तर काहीही नको. निमूटपणे माघारी फिरावे.

पडावे कसे?

या दोन्ही खेळांत माणूस पडतोच. शिकावयाचे ते नीट पडणे.

शिळेवरून सुटल्यावर दोन्ही पायांवर, गुडघे मऊ ठेवून उतरावे आणि तसेच मागे पाठीवर लोळावे. हात छातीशी घ्यावेत. घाबरलेला माणूस उलट करतो, मागे हात टेकतो, आणि साऱ्या शरीराचा भार मनगटावर येतो. आमच्या त्या तरुणाचे असेच झाले होते.

खाली उभ्या असलेल्या मित्राचे काम त्याहून महत्त्वाचे. पडणाऱ्याला झेलावयाचे नसते. तसे केले तर दोघेही जायबंदी होतात. हात वर करून, अंगठे बोटांना चिकटवून उभे राहावे आणि पडणाऱ्याला कमरेला वा पाठीला आधार देऊन गादीकडे वळवावे, म्हणजे डोके दगडावर आपटत नाही. याला लक्ष लागते. वरचा चढत असताना खालचा मोबाईल बघत असेल तर तो मित्र असून नसल्यासारखाच.

सायकलवर उतारात दोन्ही ब्रेक हळूहळू, सोडून-सोडून दाबावेत आणि अंग मागे घ्यावे. नुसता पुढचा ब्रेक जोरात दाबला तर सायकल जागीच राहते व स्वार हँडलवरून पुढे जातो. लांब उतारात मध्ये थांबून ब्रेक निवू द्यावेत. हेल्मेटशिवाय निघू नये, आणि जोराचा मार बसलेले हेल्मेट पुन्हा वापरू नये. वरून धड दिसले तरी आतला फेस चेपलेला असतो. आणखी एक गोष्ट शेतकरी म्हणून सांगतो: उभ्या तुरीतून वा नव्या बांधावरून सायकल घालू नये. पावसाळ्यात चाकाने पडलेली चाकोरी पुढच्या सरीला ओघळ होते, आणि बांध फुटतो तो बांधवाल्याचा.

पडल्यावर काय करावे?

मनगटात अंगठ्याच्या बाजूला होडीच्या आकाराचे एक छोटे हाड असते. पसरलेल्या तळहातावर पडले की ते मोडू शकते. त्याला रक्त मुख्यतः बोटांच्या बाजूने येते आणि मागे वाहत जाते. हाड मध्ये मोडले तर मागच्या तुकड्याचे पाणी तुटते. कालवा मध्येच फुटला तर शेवटचे शेत कोरडे राहते तसे. म्हणून ते सावकाश जुळते, कधी जुळतच नाही. चोळल्याने तुकडे सरकतात.

ओळखण्याची खूण सोपी आहे. अंगठा वर ताणला की त्याच्या मुळाशी मनगटावर एक खळगा पडतो. पडल्यानंतर तो खळगा दाबून दुखला तर हाड मोडले आहे असे धरूनच चालावे. फळकुटाचा आधार देऊन हात गळ्यात बांधावा आणि डॉक्टरकडे जावे. पहिल्या एक्स-रेमध्ये चीर दिसत नाही, असे पुष्कळदा घडते. म्हणून डॉक्टर तरीही प्लास्टर घालतात आणि दहा-चौदा दिवसांनी पुन्हा तपासतात. "फोटोत काही नव्हते, उगाच प्लास्टर घातले" असे म्हणून ते घरी कापून काढू नये.

डोक्याला मार लागून ओकारी, गुंगी, असंबद्ध बोलणे, नाका-कानातून रक्त वा पाणी, यांपैकी काहीही दिसले तर क्षणही न दवडता १०८ क्रमांकावर फोन करावा. मानेला किंवा पाठीला मार असेल, हातपाय बधिर वाटत असतील, तर त्याला बसवू वा उचलू नये. डोके व मान सरळ धरून मदतीची वाट पाहावी. फुरसे चावले तर चिरा देणे, आवळून बांधणे, मांत्रिक, हे सारे टाळून तो अवयव न हलवता इस्पितळ गाठावे. जखम झाली तर धनुर्वाताच्या सुईचे विचारून घ्यावे.

रविवार आणि डोंगर

काही पालकांना वाटते की डोंगर मुलांना देवळापासून दूर नेतो. तसे झालेच पाहिजे असे नाही. इटलीतील तुरीन शहराचे पिएर जॉर्जो फ्रासाती मित्रांची टोळी घेऊन आल्प्समध्ये चढाईला जात, मिस्सा चुकवीत नसत, आणि उरलेल्या वेळात गोरगरिबांच्या घरी औषधे पोहोचवीत. १९२५ साली अवघ्या चोविसाव्या वर्षी पोलिओने त्यांचे निधन झाले. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले. पोप अकरावे पायस हेही तरुण धर्मगुरू असताना नामांकित गिर्यारोहक होते. १८८९ साली त्यांनी मोंते रोझा सर केला होता. राहिला प्रश्न रविवारच्या मिस्साबलीचा. शनिवारी संध्याकाळच्या मिस्साबलीला हजर राहिल्याने रविवारचे कर्तव्य पार पडते, असे १९८३ च्या धर्मविधिसंहितेत स्पष्ट आहे. त्यामुळे "वेळच मिळाला नाही" ही सबब चालणार नाही.

मात्र धाडस आणि उद्धटपणा यांत भेद आहे. सैतानाने मंदिराच्या शिखरावरून उडी टाकण्यास सुचविले, तेव्हा प्रभू येशूने नकार दिला. तोल जाण्याची भीती त्याला नव्हती; बापाच्या प्रेमाची परीक्षा पाहणे त्याला मान्य नव्हते. मित्रांच्या चिथावणीने किंवा मोबाईलवरच्या चित्रफितीसाठी झेपत नसलेल्या शिळेवर चढणाऱ्याने याचा विचार करावा. "आज नको, परत फिरू" असे म्हणणारा एकजण प्रत्येक गटात असावा आणि त्याची थट्टा होऊ नये.

आईबापांनाही आमची विनंती आहे. मुलांना बंदी केली तर ती न सांगता जातील, आणि पडली तर तेही सांगणार नाहीत. कुठे जाणार, बरोबर कोण, परतणार केव्हा, एवढे रागावल्याशिवाय विचारीत जा.

आणि हे नुसते खेळणाऱ्यांपुरते नाही. मोटारसायकल घसरून, बैलगाडीवरून किंवा चिंचेच्या झाडावरून हातावर पडलेले कोणी घरात असेल, अंगठ्याच्या मुळाशी अजून दुखत असेल, तर सुगी उरकण्याची वाट पाहू नका. या आठवड्यातच हात दाखवून या. सोबतीला कोणी नसेल तर आम्हाला सांगा, आम्ही येऊ.