पिंजऱ्यातील कुस्तीचा व्यापार

कोल्हापूरकराला कुस्ती बघायला शिकवावे लागत नाही. परंतु कुस्ती लढणे वेगळे आणि भरवणे वेगळे. भरवणे हा सरळ व्यापार आहे. कुस्ती, मुष्टियुद्ध, ज्युदो, कराटे या सर्व विद्या एकाच लढतीत चालतात, अशा ‘मिक्स्ड मार्शल आर्ट्स’चे आकर्षण आता तरुणांत वाढले आहे. अशा सामन्यांचे आयोजक जाहिरात मागायला दुकानदाराकडे येतात. पैसे देण्यापूर्वी हा धंदा कसा उभा राहिला, हे व्यापारी बंधूंनी समजून घेतलेले बरे.

आपल्याकडे मल्लाच्या पाठीशी दरबार होता. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ साली खासबाग मैदान उभे केले आणि पंजाबच्या मल्लांनाही आश्रय दिला. गामाचे बंधू इमामबक्ष या मैदानात लढले. त्यांचेच पुत्र अक्रम पहेलवान १२ डिसेंबर १९७६ रोजी कराचीत जपानच्या अंतोनियो इनोकीकडून हरले. त्याच वर्षी २६ जूनला इनोकीने टोकियोत मुहम्मद अली यांच्याशी सामना केला होता. जाहिरात प्रचंड झाली. प्रत्यक्षात नियम असे जाचक होते की इनोकी बहुतेक वेळ पाठीवर पडून अलींच्या पायांवर लाथा मारीत राहिला. पंधरा फेऱ्यांनंतर सामना बरोबरीत सुटला आणि प्रेक्षक चिडले. ठाणावर छाप एक आणि आत कापड दुसरे, असा तो प्रकार होता.

खरा धंदा १२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेत डेन्व्हर येथे सुरू झाला. जाहिरात व्यवसायातील आर्ट डेव्ही आणि ब्राझीलचे जुजुत्सू शिक्षक रोरियन ग्रेसी यांनी ‘अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप’ भरवली. आठ लढवय्ये, एक रात्र, विजेत्याला ५० हजार डॉलर. रोरियन यांनी आपला धाकटा भाऊ रॉयस याला उतरवले. तो अंगाने किरकोळ, तरी तीन लढती जिंकला. ग्रेसी घराण्याच्या विद्येची याहून मोठी जाहिरात झाली नसती. सुमारे ८६ हजार घरांनी पैसे भरून दूरचित्रवाणीवर हा सामना पाहिला.

पण ‘येथे नियम नाहीत’ असे सांगून माल खपवला, तेच अंगाशी आले. सिनेटर जॉन मकेन यांनी १९९६ मध्ये राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रे लिहून बंदीची मागणी केली. पुढे केबल कंपन्यांनी प्रक्षेपण थांबवले. २००१ मध्ये कंपनी अवघ्या २० लाख डॉलरला विकली गेली. नव्या मालकांनी वजनगट, हातमोजे, पंच आणि सरकारी देखरेख यांवर भर दिला. २००५ मध्ये पदरचे पैसे घालून दूरचित्रवाणी मालिका काढली. २०१६ साली तीच कंपनी सुमारे ४०० कोटी डॉलरला गेली. लढत तीच होती. नियमांमुळे तिला बाजार मिळाला.

मुंबईतही प्रयत्न झाला. अभिनेते संजय दत्त व उद्योजक राज कुंद्रा यांनी ‘सुपर फाइट लीग’ काढली. ११ मार्च २०१२ रोजी अंधेरी क्रीडा संकुलात पहिला कार्यक्रम झाला. मुख्य लढतीसाठी बॉब सॅप आणि जेम्स थॉम्प्सन हे परदेशी मल्ल आणले. सॅपच्या पायाला दुखापत झाली आणि लढत पहिल्याच फेरीत संपली. प्रेक्षक एका नावासाठी आला आणि ते नाव काही मिनिटांत संपले, तर पुढच्या वेळी त्याला कशाने बोलावणार? २०१७ मध्ये लीगने आठ संघांची नवी पद्धत आणली, म्हणजे गिऱ्हाईक एका मल्लापेक्षा आपल्या संघाला बांधले जावे.

आता कारागिराच्या मजुरीचा प्रश्न. अमेरिकेत लढवय्यांनीच २०१४ मध्ये कंपनीवर दावा लावला. कंपनीने बाजार ताब्यात ठेवून आमचा मोबदला दाबला, अशी त्यांची तक्रार होती. २०२४ मध्ये साडेसदतीस कोटी डॉलरवर तडजोड झाली. पेढी मोठी झाली म्हणजे विणकराच्या घरी पैसा गेलाच, असे नसते. हे आपल्याला कोणी सांगायला नको.

म्हणून जाहिरातीचे पैसे देताना चार गोष्टी विचाराव्यात. नियम लेखी आहेत काय? जोड वजन आणि अनुभव पाहून लावले आहे काय? आखाड्याजवळ डॉक्टर व रुग्णवाहिका आहे काय? मल्लाला किती आणि केव्हा मिळणार, जायबंदी झाल्यास औषधपाण्याचा खर्च कोणाचा, हे कागदावर आहे काय? उत्तर मिळाले तर खुशाल फलक लावावा. ‘नंतर बघू’ असे उत्तर आले तर गल्ला बंद ठेवावा. त्या पिंजऱ्यात उद्या आपल्याच गल्लीतला मुलगा असू शकतो, आणि त्याचा हात मोडला तर फलकावर नाव आपल्या दुकानाचे असेल.