पाय मुरगळला? धावणं थांबवा, पण मांडीचा व्यायाम थांबवू नका

गोंदिया : पहाटे पाच वाजता आमगाव, सालेकसा, देवरी, कोणत्याही रस्त्याने जा, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी धावताना दिसतात. अशात कधी खड्ड्यात, कधी शेताच्या धुऱ्यावरून उतरताना पाय मुरगळतो. मग दोन प्रकारच्या चुका होतात. कोणी तिसऱ्याच दिवशी पट्टी बांधून धावायला निघतो, तर कोणी महिनाभर खाटेवर पडून राहतो. पहिल्याचं दुखणं वाढतं, दुसऱ्याची ताकद जाते.

पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची. त्यात मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर धावण्याचे २० गुण, १०० मीटरचे १५ आणि गोळाफेकीचे १५. म्हणजे ३५ गुण थेट पायांवर. गोळाही नुसत्या हाताने लांब जात नाही, त्यालाही पायाचा जोर लागतो.

आधी हे तपासा

चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेला दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे काढा. कॅनडातील ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये मांडलेला हा नियम आज जगभर वापरला जातो. पाय वाकडा दिसत असेल किंवा बधिर झाला असेल, तर लगेच ग्रामीण रुग्णालय किंवा गोंदियाचं केटीएस रुग्णालय गाठा. गुडघा सुजला, अडकत असेल किंवा चालताना निसटत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय खालचे व्यायाम करू नका.

पहिले दोन-तीन दिवस फडक्यात बर्फ गुंडाळून १५ मिनिटं शेका, क्रेप पट्टी बांधा, पाय उशीवर उंच ठेवा. गरम शेक नको. पाय ओढून, चोळून ‘बसवून’ तर अजिबात घेऊ नका.

खाटेवर बसून करायचे व्यायाम

पाय वापरला नाही, तर दोन आठवड्यांतच मांडी बारीक दिसू लागते. दुखतो घोटा, पण मांडीला काम देता येतं.

१. पाय सरळ ठेवा, गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल घ्या. मांडी आवळून टॉवेल खाली दाबा, ५ सेकंद धरा. असं १० वेळा.

२. पाठीवर झोपा, दुखरा पाय सरळ ठेवून फूटभर उचला, ५ सेकंद थांबा. १० वेळा. मग कुशीवर वळून तोच पाय बाजूने उचला.

३. दुखत नसेल तर पायाच्या अंगठ्याने हवेत अ, आ, इ, ई लिहा. घोटा मोकळा होतो.

४. चांगल्या पायाला सुट्टी देऊ नका. भिंतीजवळच्या पक्क्या खुर्चीवर बसून, आधार धरून, त्या एका पायावर उठा-बसा. ८ ते १० वेळा. एका बाजूच्या सरावाने दुसऱ्या बाजूलाही थोडी ताकद मिळते. अमेरिकेतील येल विद्यापीठात १८९४ मध्ये हातावर प्रयोग करून हे नोंदवलं गेलं होतं.

हे दिवसातून दोन-तीन वेळा करा. स्नायू ताणला गेल्यासारखं वाटलं तर चालेल, सांध्यात कळ आली तर थांबा. जेवणात नुसता भात नको, सोबत वरण, अंडी, मासे किंवा सोयाबीन वडी घ्या.

उभं राहता आल्यावर

भिंतीला हात लावून दोन्ही टाचा उचला, मग हळूहळू एकाच पायाची. एका पायावर ३० सेकंद तोल सांभाळा. हा तोलाचा सराव अनेक जण सोडतात, म्हणून तोच पाय पुन्हा मुरगळतो. दम टिकवायला सायकल चालवा, पण पॅडल मारताना दुखायला नको.

धावायला कधी सुरुवात करावी?

अर्धा तास भरभर चालता येतं, दुखऱ्या पायाची टाच चांगल्या पायाइतक्याच वेळा उचलता येते आणि त्या पायावर १० उड्या मारता येतात. हे तिन्ही न दुखता जमलं, तरच धावा. डांबरी रस्ता नको, सपाट मैदान बघा. एक मिनिट धावा, एक मिनिट चाला, असं १० वेळा. दुसऱ्या दिवशी सूज आली नाही तर थोडं वाढवा. १०० मीटरची जोरदार धाव सगळ्यात शेवटी.

सराव थोडा मागे पडेल, पण मांडीत दम असेल तर तो भरून काढता येतो. अर्धवट बरा झालेला पाय मात्र ऐन मैदानी चाचणीच्या दिवशी दगा देतो.