बीजगणिताच्या वर्गात पाऊल ठेवण्यापूर्वी



प्रवेशाचे दिवस सुरू झाले की एक प्रश्न मला दरवर्षी हमखास विचारला जातो : "सर, बीजगणित घेतलं तर निभेल का?" विचारणारा बहुधा कला शाखेचा असतो. दहावीची परीक्षा संपताच त्याने गणिताला रामराम ठोकलेला असतो आणि पुन्हा त्या वाटेला जायचे नाही असे मनाशी ठरवलेले असते. परंतु २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणामुळे आता दुसऱ्या विद्याशाखेचा विषयही ऐच्छिक म्हणून घेण्याची वाट मोकळी झाली आहे. शिवाय स्पर्धा परीक्षा असो, तलाठ्याची भरती असो की बँकेची, गणित कोठे ना कोठे आडवे येतेच. तेव्हा हा विषय घेणाऱ्याने नेमकी कशाची तयारी ठेवावी, कोठे अडखळायला होते आणि त्यावर उपाय काय, हे वर्गातील अनुभवाच्या आधारे सांगावे, म्हणून हा लेख लिहीत आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. महाविद्यालयातील बीजगणित म्हणजे शाळेतलीच उदाहरणे, फक्त अधिक लांब आणि अधिक किचकट, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. शाळेत आपण उत्तर काढायला शिकतो. येथे ते उत्तर का येते, केव्हा येते आणि केव्हा येतच नाही, हे शिकायचे असते.

व्यक्त आणि अव्यक्त

आपल्या पूर्वसूरींनी अंकगणिताला ‘व्यक्तगणित’ आणि बीजगणिताला ‘अव्यक्तगणित’ म्हटले. जी राशी अजून प्रकट झालेली नाही, तिला नाव देऊन तिच्याशी व्यवहार करणे, हेच या शास्त्राचे मर्म. भास्कराचार्यांचा जन्म इ. स. १११४ चा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे ११५० मध्ये त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण केला. ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ हे त्याचेच भाग होत. आपले गाव सह्याद्रीजवळचे विज्जडविड, असे ते सांगतात. काही अभ्यासक हे गाव म्हणजे आपले बीड असे मानतात, तर काही चाळीसगावजवळच्या पाटणकडे बोट दाखवतात. पाटण येथे १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. वाद अभ्यासकांवर सोपवू. हे शास्त्र आपल्या मातीला परके नाही, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

आज आपण अज्ञात राशीला ‘क्ष’ म्हणतो. भास्कराचार्य पहिल्या अज्ञात राशीला ‘यावत्-तावत्’ म्हणत. त्यापुढील राशींना ते काळक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे देत आणि लिहिताना नुसती आद्याक्षरे वापरत. व्याकरणात ‘तो’, ‘ती’, ‘ते’ ही सर्वनामे नामाच्या जागी उभी राहतात. ‘क्ष’ हे संख्येचे सर्वनाम आहे, एवढे म्हटले तर भाषेच्या विद्यार्थ्याला भिण्याचे कारण उरत नाही.

उचल आणि समीकरण

आपल्या भागातील बहुतेकांना ठाऊक असलेले एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजुतीसाठी आहेत. एका कोयत्याने, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीने, मुकादमाकडून ७२,००० रुपये उचल घेतली. तोडीचा दर टनाला ३६० रुपये आणि रोजची तोड २ टन धरली, तर रोजची मजुरी ७२० रुपये होते. उचल किती दिवसांत फिटेल? ७२,००० भागिले ७२० म्हणजे १०० दिवस. हे झाले अंकगणित.

पण माणसे रोज जेवतात, औषधपाणी करतात. खर्च धरायला हवा. म्हणून उचलीला ‘उ’, दराला ‘द’, रोजच्या टनांना ‘ट’ आणि रोजच्या खर्चाला ‘ख’ म्हणू. मग :

दिवस = उ ÷ (द × ट – ख)

हे झाले बीजगणित. आता हे एका जोडीचे उदाहरण राहिले नाही. ते प्रत्येक कोयत्याला लागू पडते. खर्च २४० रुपये असेल तर रोज ४८० फिटतील आणि १५० दिवस लागतील. खर्च ४८० झाला तर ३०० दिवस लागतील. पण गळीत हंगाम पाच-सहा महिन्यांतच संपतो, म्हणजे उरलेली उचल पुढच्या वर्षाच्या बोकांडी बसली! खर्च बरोबर ७२० झाला तर छेदस्थानी शून्य येते. वर्गात मी "शून्याने भागायचे नाही" असे सांगतो तेव्हा तो मुलांना कोरडा नियम वाटतो. येथे त्याचा अर्थ दिसतो : अशी उचल कधीच फिटणार नाही, म्हणून ‘किती दिवस’ या प्रश्नाला उत्तरच नाही. शून्याने भागलेल्या राशीला भास्कराचार्यांनी ‘खहर’ म्हटले आणि ती अनंत मानली. आजचे गणित मात्र असा भागाकार मान्यच करत नाही.

आणि खर्च ८०० रुपये झाला तर? उत्तर येते उणे ९०० दिवस. विद्यार्थी म्हणतो, "सर, उत्तर चुकलं." उत्तर चुकलेले नाही, ते काही सांगते आहे. उचल फिटण्याचा दिवस पुढे नाहीच. उलट रोज ८० रुपयांनी ओझे वाढते आहे. आपल्या भाषेत उणे संख्येला ‘ऋण’ संख्या म्हणतात, ते उगीच नव्हे. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये अशा संख्यांचे नियम सांगितले, ते धन आणि ऋण याच शब्दांत.

सांगायचा मुद्दा असा की, महाविद्यालयात सूत्र पाठ करण्याला फारसे मोल नाही. सूत्रातील एक अक्षर बदलले तर बाकीच्यांचे काय होते, हे पाहण्याला मोल आहे. ‘फलन’ या प्रकरणात नेमके हेच शिकायचे असते.

वर्गात काय काय येते

अभ्यासक्रम वेळोवेळी बदलतात, तरी साधारण क्रम असा असतो : संच आणि फलन, बहुपदी, वर्गसमीकरणे व त्यांपुढील घातांची समीकरणे, संमिश्र संख्या, निश्चयक आणि मॅट्रिक्स, श्रेढी, द्विपद प्रमेय. पदवीच्या वरच्या वर्गांत ‘ग्रुप’ आणि ‘रिंग’ येतात. तेथे संख्याही मागे पडतात आणि केवळ क्रियांच्या नियमांचा विचार सुरू होतो.

वर्गसमीकरणाची दोन उत्तरे येतात, हे तुम्ही शाळेत शिकलात. त्या दोहोंचे करायचे काय, हे येथे पाहायचे. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त वानरांची दोन उदाहरणे आहेत. पहिल्यात कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग एवढी वानरे वनात खेळत आहेत आणि बारा टेकडीवर आहेत. कळप ‘क्ष’ मानला तर क्ष वर्ग – ६४ क्ष + ७६८ = ० असे समीकरण मिळते. त्याची उत्तरे ४८ आणि १६. पडताळून पाहा, दोन्ही बरोबर आहेत. दुसऱ्या उदाहरणात कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून येणाऱ्या संख्येचा वर्ग एवढी वानरे गुहेत गेली आणि एक बाहेर दिसत आहे. येथे उत्तरे ५० आणि ५ येतात. पण कळप पाचाचा धरला तर त्याचा पाचवा भाग १, आणि त्यातून ३ वजा केले की उरतात उणे २ वानरे! म्हणून भास्कराचार्यांनी ५ हे उत्तर सोडून दिले. समीकरण सुटले म्हणजे प्रश्न सुटला असे नव्हे. उत्तर मूळ प्रश्नाशी ताडून पाहावेच लागते. परीक्षेतही जो विद्यार्थी ही शेवटची ओळ लिहितो, त्याला विषय समजला आहे हे परीक्षकाला कळते.

ऋण संख्या हा कशाचाच वर्ग नसल्याने तिला वर्गमूळ नाही, असे भास्कराचार्यांचे मत होते. संमिश्र संख्यांच्या प्रकरणात आपण उणे एकचे वर्गमूळ आहे असे मानूनच पुढे जातो. सुरुवातीला हे मनाला पटत नाही. मात्र दोन-तीन आठवडे नियमांनुसार बेरीज-गुणाकार करत राहिले की सवय होते, आणि मग प्रत्येक वर्गसमीकरणाला मूळ सापडू लागते.

‘सिद्ध करा’ हे दोन शब्द

मुलांना सर्वांत भीती वाटते ती या दोन शब्दांची. त्यासाठी देवळालीचे शिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांचे उदाहरण मी वर्गात नेहमी देतो. चार अंकी कोणतीही संख्या घ्या. फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करा आणि आलेल्या संख्येवर तीच क्रिया करत राहा. ३५२४ घेतल्यास ५४३२ – २३४५ = ३०८७, मग ८७३० – ०३७८ = ८३५२ आणि ८५३२ – २३५८ = ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतेच आणि पुढे बदलत नाही. ही संख्या आज जगभर कापरेकर स्थिरांक म्हणून ओळखली जाते.

आता हे पाहा : अशा वजाबाकीत येणारी प्रत्येक संख्या नवाच्या पाढ्यातली असते. का? दोन अंकी संख्येपुरते पाहू. दशकस्थानी ‘अ’ आणि एककस्थानी ‘ब’ असेल तर संख्या १०अ + ब. उलटी संख्या १०ब + अ. वजाबाकी ९अ – ९ब, म्हणजेच ९ × (अ – ब). झाली सिद्धता! ७२ – २७ = ४५ आणि ८१ – १८ = ६३ अशी शंभर उदाहरणे तपासली तरी शंका उरते; या एका ओळीने ती कायमची फिटते.

अडते कोठे?

आता थोडे स्पष्ट बोलतो. बीजगणितात अडखळणाऱ्या विद्यार्थ्याला बुद्धी कमी असते, असे मला कधीच आढळले नाही. तो अडतो अपूर्णांकात, वजाच्या चिन्हात आणि कंसात. म्हणजे अडचण आजच्या धड्यात नसते, ती पाचवी-सहावीत मागे राहिलेली असते.

आणि ती मागे का राहिली? सिरसाळ्याच्या आजूबाजूच्या कितीतरी घरांतून दिवाळीनंतर आईवडील कारखान्यावर जातात. बरोबर मुलेही जातात. ज्या महिन्यांत वर्गात अपूर्णांक शिकवले गेले, त्या महिन्यांत एखादा मुलगा उसाच्या फडात धाकट्या बहिणीला सांभाळत होता. परत आल्यावर वर्ग पुढे गेलेला आणि तो मात्र मागच्या बाकावर. पुढे "मला गणित येत नाही" हे वाक्य तो आपल्या नावासारखे बाळगतो. मित्रहो, येत नाही आणि शिकायला मिळाले नाही, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. राहिलेला भाग फार मोठा नसतो. रोज एक तास दिला तर महिना-दीड महिन्यात तो भरून निघतो. त्यासाठी सहावी-सातवीचे पुस्तक पुन्हा उघडावे लागले तर संकोच करू नये.

काही चुका मात्र सर्वांच्याच होतात. (अ + ब) चा वर्ग म्हणजे अ वर्ग + ब वर्ग, असे लिहिणारे दरवर्षी भेटतात. ३ आणि ४ घालून पाहा : ७ चा वर्ग ४९, तर ९ + १६ = २५. राहिलेले २४ म्हणजे २अब. शंका आली की अक्षरांच्या जागी लहान संख्या घालून पाहावी. याहून चांगला गुरू नाही. कंसापूर्वी वजा असेल तर आतील प्रत्येक पदाचे चिन्ह बदलते, हेही विसरू नये.

अभ्यास कसा करावा?

पहिला महिना फार महत्त्वाचा. इतर विषयांत एखादा धडा बुडाला तरी पुढचा समजतो. येथे प्रत्येक धडा मागच्या धड्याच्या खांद्यावर उभा असतो. तास बुडाला तर त्याच आठवड्यात मित्राच्या वहीवरून तो भाग समजून घ्यावा.

सोडवलेले उदाहरण नुसते वाचू नये. उत्तर झाकून ते स्वतः करावे आणि अडेल तेथेच उघडावे. गाईडमधून उतरवलेली दहा उदाहरणे स्वतः सोडवलेल्या एका उदाहरणाची बरोबरी करत नाहीत. रोज पाच उदाहरणे सोडवा. परीक्षेच्या आदल्या रात्रीची पन्नास उपयोगी पडत नाहीत.

तिसरी अडचण भाषेची. संदर्भग्रंथ पुष्कळदा इंग्रजीत असतात आणि मराठी माध्यमाचा विद्यार्थी शब्दालाच बिचकतो. त्यासाठी एक छोटी वही करा. व्हेरिएबल म्हणजे चल, कोएफिशंट म्हणजे सहगुणक, पॉलिनॉमिअल म्हणजे बहुपदी, फॅक्टर म्हणजे अवयव, रूट म्हणजे मूळ, डिटरमिनंट म्हणजे निश्चयक. असे साठ-सत्तर शब्द कळले की पुस्तक बोलू लागते.

शेवटी, विचारायला लाजू नका. वर्गात एकाने विचारलेली शंका बहुधा दहा जणांच्या मनात असते. तुमच्यापैकी सर्वच गणितज्ञ होणार नाहीत, त्याची गरजही नाही. परंतु उचलीचा हिशेब, कर्जाचा हप्ता, पिकाचा खर्च या गोष्टी दुसऱ्याने सांगितल्या म्हणून मान्य न करता स्वतः मांडून पाहणारा तरुण आपल्या गावांना हवा आहे. बीजगणिताच्या वर्गात तो घडू शकतो, असा माझा विश्वास आहे. तेव्हा वही-पेन्सिल घेऊन निर्धास्तपणे या. बाकीचे आपण मिळून पाहू.