घाटावरचा कांदा, खाडीवरचं बंदर

आमच्या राजगुरुनगरला भीमा नदी आहे, समुद्र नाही. तरी चाकणच्या कारखान्यांतले सुटे भाग असोत की बाजार समितीतला कांदा, परदेशी जायचं तर बहुतेक वेळा बोरघाट उतरून उरणजवळच्या न्हावाशेव्याला जावं लागतं. तिथलं जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झालं. मुंबईच्या जुन्या गोदीवरचा भार हलका करणं, हा त्यामागचा एक हेतू.

बंदर प्राधिकरण नेमकं करतं काय? माल त्याचा नाही, जहाजंही त्याची नाहीत. ते आहे घरमालकासारखं. जमीन त्याची, पाण्यातली वाटही त्याचीच. खाडीत गाळ साचतो. तो उपसून मोठ्या जहाजांपुरती खोली राखायची, जहाज आत आणायला वाट दाखवणारा पायलट द्यायचा, रस्ते-रेल्वेची सोय पाहायची. धक्क्यावरची चढउतार मात्र खासगी कंपन्या करारानं करतात. देशातलं पहिलं खासगी कंटेनर टर्मिनल १९९७ च्या करारातून इथंच उभं राहिलं. कागदपत्रं तपासून माल सोडणारं सीमाशुल्क खातं पुन्हा वेगळं.

या साखळीत एक कडी अडली की सगळं अडतं. लोखंडी भाग चार दिवस थांबले तर भाडं चढतं, पण कांदा थांबला तर सडतो. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारनं कांद्याची निर्यात बंद केली, ती मे २०२४ मध्ये खुली झाली. त्या काळात धक्का, क्रेन, जहाजं सगळं जागेवर होतं. वाट तेवढी बंद होती. म्हणजे बंदर कितीही खोल करा, शेतकऱ्याचा भाव दिल्लीच्या एका कागदावरही ठरतो.

दुसरी बाजू किनाऱ्याची. न्हावाशेव्याच्या बंदरासाठी शेवा कोळीवाडा उठला. आता पालघर जिल्ह्यात वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली आहे आणि तिथले मच्छीमार आपल्या जाळ्यांची, मासळीची काळजी बोलून दाखवत आहेत. घाटावरच्या आपल्यासारख्यांना बंदर हवंच आहे. म्हणून तर त्यांचं म्हणणं आपणही ऐकायला हवं.

मराठीत जहाज थांबवतो तोही नांगर आणि शेत नांगरतो तोही नांगरच. दोघांचं पोट एकाच वाटेवर अवलंबून आहे, हे भाषेला आधीच ठाऊक असावं.