चित्राला बोट, बोटाला बोल

अडीच वर्षांचं पोर अजून बोलत नाही म्हटलं की घराघरात एक उत्तर तयार असतं: ‘त्याचा मामाही असाच उशिरा बोलला.’ मग जिभेवर वेखंड उगाळून लावलं जातं, नवस बोलला जातो आणि वर्ष निघून जातं. बुलडाणा जिल्ह्यातल्या सुलतानपुरासारख्या गावात हे वर्ष लांबायला आणखीही कारणं आहेत. लोणार तालुक्यातलं हे गाव जालना–मेहकर रस्त्यावर आहे, वाहनांची ददात नाही. पण स्पीच थेरपिस्टकडे न्यायचं तर मेहकर, चिखली ओलांडून बुलडाणा गाठा, नाहीतर अकोला किंवा छत्रपती संभाजीनगर. प्रत्येक खेपेला एक मजुरी बुडते. सोयाबीन काढणीला आलं असताना आठवड्यातून दोनदा हे कोणाला जमणार?

मूल मात्र तोवर थांबत नाही. ते आईचा पदर ओढतं, ताट भिरकावतं, धाकट्याला चावतं. लोक त्याला हट्टी म्हणून मोकळे होतात. त्याला काय हवंय हे त्याला पक्कं ठाऊक असतं, फक्त ते सांगायला हाताशी काही नसतं.

हे ‘काही’ देण्याच्या पद्धतींना पूरक आणि पर्यायी संवाद म्हणतात. थेरपिस्ट मंडळी ‘एएसी’ एवढंच म्हणतात. हातवारे, खुणा, खऱ्या वस्तू, फोटो, चित्रांचा तक्ता, बोलणारं अ‍ॅप, सगळं त्यात येतं. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, डाऊन सिंड्रोम अशा निरनिराळ्या कारणांनी ज्यांचं बोलणं अडतं, त्या मुलांसाठी ते आहे. अर्थात, आधी कानांची तपासणी हवीच. ऐकूच येत नसेल तर प्रश्न वेगळा आणि उपायही वेगळे.

चित्रांचं नाव काढलं की आजी हमखास विचारते, ‘याची सवय लागली तर पोरगं बोलायचंच नाही ना?’ शंका रास्त आहे, पण पुरावा उलट बाजूचा आहे. मिलर, लाइट आणि श्लॉसर या संशोधकांनी 2006 साली तोवरचे अभ्यास तपासले. त्यांतल्या नीट पुरावा असलेल्या 27 जणांपैकी एकाचंही बोलणं कमी झालं नव्हतं; 89 टक्के जणांचं थोडंफार वाढलंच होतं. 2010 मध्ये अमेरिकेत मेरीअ‍ॅन रॉम्स्की आणि सहकाऱ्यांनी तर अडीच वर्षांच्या आसपासची, दहा शब्दही न बोलणारी सुमारे साठ मुलं घेतली. काहींना आवाज काढणारं यंत्र आणि चित्रं दिली, काहींना फक्त बोलण्याचा सराव. सोबत आईवडिलांनाही शिकवलं. तोंडाने बोललेले शब्दही चित्रंवाल्या मुलांकडेच जास्त निघाले. म्हणजे ‘आधी बोलण्याची वाट पाहू, नाहीच जमलं तर चित्रं’ हा क्रमच चुकीचा ठरतो. त्या वाट पाहण्यात मुलाचं नुकसान होतं.

सुरुवात कशी करतात? एक प्रसिद्ध पद्धत ‘पेक्स’. अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी ती 1985 मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअरमध्ये विकसित केली. पहिल्या पायरीला दोन मोठी माणसं लागतात. समोरच्या माणसाकडे मुलाची आवडती वस्तू असते, समजा बिस्किट. मधे बिस्किटाचं चित्र. मुलाने हात पुढे केला की मागे बसलेला माणूस, एक अक्षरही न बोलता, तो हात चित्राकडे नेतो आणि चित्र समोरच्याच्या हातात ठेवायला लावतो. चित्र हाती पडताच बिस्किट मिळतं. ‘काय पाहिजे तुला?’ असं मुद्दामच विचारायचं नाही, कारण मुलाने विचारण्याची वाट न पाहता स्वतःहून सुरुवात करावी, हाच त्यातला डाव. पुढच्या पायऱ्यांत चित्र लांब ठेवतात, दोन चित्रांतून निवडायला लावतात, पट्टीवर वाक्य जुळवतात.

दुसरी रीत साधी आहे, पण घरच्यांना जड जाते: मोठ्यांनी स्वतः तक्त्यावर बोट ठेवत बोलायचं. ‘पाणी’ म्हणताना पाण्याच्या चित्रावर बोट, ‘अजून’ म्हणताना ‘अजून’वर. उत्तराची सक्ती नाही. आपण तान्ह्या बाळाशी वर्षभर बोलतो तेव्हा कुठे ते पहिला शब्द काढतं. चित्रांच्या बाबतीत मात्र आठवड्यात निकाल हवा असतो. महागडा टॅब्लेट आणून मुलाच्या हाती द्यायचा आणि ‘आता बोल’ म्हणायचं, यातून पैसे तेवढे जातात.

तक्त्याला फार खर्च नाही. मोबाइलवर काढलेले फोटो, झेरॉक्सच्या दुकानातलं लॅमिनेशन, पुठ्ठा. फोटो बाजारातल्या तक्त्यावरच्या सफरचंदाचा नको, आपल्या घरातल्या भाकरीचा, शेळीचा, आज्याच्या खाटेचा हवा. आणि खाण्यापिण्याच्या चित्रांवर थांबणारे तक्ते अर्धवट असतात. ‘नको’, ‘थांब’, ‘बघ’, ‘चल’, ‘झालं’, ‘दुखतंय’, ‘मदत’ हे शब्द हवेतच, आणि त्यांच्या जागा रोज बदलायच्या नाहीत. मुलाने ‘नको’वर बोट ठेवलं तर शक्यतो ते मानायचं. औषधासारख्या ठिकाणी मानता येत नसेल, तरी ‘नको म्हणतोस, कळलं मला’ एवढं सांगायचं. दंगा केला म्हणून शिक्षेपोटी तक्ता काढून घेणं तर मुळीच नाही. बोलणाऱ्या मुलाच्या तोंडाला आपण चिकटपट्टी लावत नाही.

हात चालत नसेल तर डोळे चालतात. पारदर्शक प्लास्टिकच्या पत्र्याच्या कोपऱ्यांत चित्रं लावून तो आईने दोघांच्या मधे धरला की मूल कुठे पाहतंय ते पलीकडून दिसतं.

मोबाइलवाल्यांसाठी मराठी सोयही आहे. आयआयटी मुंबईच्या आयडीसी स्कूल ऑफ डिझाइनमध्ये प्राध्यापक रवी पूवय्या यांच्या चमूने ‘जेलो’ हे अ‍ॅप तयार केलं. ते फुकट आहे. खाणं, खेळ, माणसं, जागा अशा गटांतून चित्र निवडायचं आणि बाजूचं आवडतं, हो, अजून किंवा त्याच्या उलटचं बटण दाबायचं. अ‍ॅप पूर्ण वाक्य बोलतं. चेन्नईच्या अजित नारायणन यांचं ‘आवाज’ही भारतीय भाषांत चालतं.

या वाटेने किती लांब जाता येतं, याचं उदाहरण मुंबईचंच आहे. मालिनी चिब यांना सेरेब्रल पाल्सी. त्यांच्या आई मिथू अलूर यांनी 1972 मध्ये मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली. मालिनी सेंट झेवियर्समध्ये शिकल्या, दोन पदव्युत्तर पदव्या घेतल्या आणि एका बोटाने टंकत ‘वन लिटल फिंगर’ हे आत्मचरित्र लिहिलं; ते 2010 मध्ये आलं. त्यांच्याकडे आईची जिद्द आणि शहराची साधनं, दोन्ही होती. सुलतानपूरच्या मुलाला यातलं दुसरं सरकारकडे मागावं लागेल.

मागायला आधार आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मधल्या कलम 17 नुसार बोलण्याला पूरक अशा संवादपद्धतींना शिक्षणात प्रोत्साहन देणं हे सरकारचं आणि स्थानिक संस्थांचं काम आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये पालघरपासून सुरू झाला. त्याच्या पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणी करायची असते. विकासातला उशीर हा त्यांच्या यादीतला विषय आहे. पथक आलं त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये. शंका अंगणवाडी ताईंकडून नोंदवून घ्यावी आणि जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी मागावी. तक्त्याच्या प्रतीही दोन-तीन काढून ठेवाव्यात: एक घरी, एक अंगणवाडीत आणि एक मामाच्या गावाला जाताना पिशवीत.