दोन बेटे, दोन भूचर होले : साम्य आणि भेद

हसनाबादच्या परिसरातील शेतांत होले जमिनीवरच दाणे टिपतात, आणि तरीही ते विपुल आहेत. मुंगूस-मांजरांच्या सान्निध्यातच त्यांची जडणघडण झाली आहे. अर्थात भूचर सवय ही स्वतः घातक नव्हे. मग अशाच सवयीच्या दोन बेटवासी जाती नामशेष होण्याच्या सीमेवर का याव्यात, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

पहिली जाती कॅरिबियन समुद्रातील ग्रेनाडाची, दुसरी प्रशांत महासागरातील तुआमोटू प्रवाळद्वीपांची. दोहोंची गणना अतिसंकटग्रस्त वर्गात होते. प्रत्येकीची संख्या दोनशेच्या आत आहे. वनतळावर अन्न वेचणे हेही दोहोंस समान. प्रजाती मात्र भिन्न : पहिली लेप्टोटिला, दुसरी पॅम्पुसाना.

खरा भेद कारणांत आहे. ग्रेनाडाचा होला किनाऱ्यालगतच्या शुष्क झुडपी वनात राहतो, आणि तीच जमीन इमारतींनाही हवी असते. २००४ च्या 'आयव्हन' वादळाने त्या वनाची हानी केली. शिवाय ऊसमळ्यांतील उंदरांवर उपाय म्हणून १८७२ मध्ये कोलकात्याहून जमैकास नेलेले मुंगूस पुढे ग्रेनाडातही पोहोचले. तुआमोटूत शत्रू ठरले ते माणसाबरोबर आलेले उंदीर व मांजर. उंदीर नसलेले तेनारारो हे तेथील होल्याचे मुख्य आश्रयस्थान होय. २०१५ मध्ये शेजारच्या वाहांगा व तेनारुंगा या बेटांवरील उंदीरही हटविण्यात आले.

रूपसाम्यावरून दोन शब्दांची व्युत्पत्ती एकच मानणे जसे चूक, तसेच येथेही. एकास प्रथम जमीन राखून हवी, दुसऱ्यास प्रथम उंदीरमुक्त बेट. निदान चुकल्यास उपाय व्यर्थ जाईल, आणि दुरुस्तीस अवधी उरणार नाही.