सेनापती आणि सिंहासन : प्राचीन चीनमधील राज्यापहाराची रीत

इतिहासाच्या तासाला वरच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने आम्हांस एकदा विचारले, "सारे सैन्य ज्याच्या हाती आहे, त्या सेनापतीला दुबळ्या राजास बाजूला सारून गादीवर बसावयास इतकी वर्षे का लागावीत?" प्रश्न साधा होता, पण पाठ्यपुस्तकातील 'बळाच्या जोरावर राज्य बळकावले' या ठराविक वाक्याने त्याचे समाधान होण्यासारखे नव्हते. या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर आम्हांस चीनच्या जुन्या इतिहासात मिळाले. तेथे राज्यापहाराची एक रीतच पडून गेली होती. एकाने घातलेली पायरी दुसऱ्याने वापरावी आणि दुसऱ्याने वापरलेली तिसऱ्याने त्याच्याच वंशजांविरुद्ध वापरावी, असा तो क्रम आहे. इतिहास शिकविणाऱ्या आम्हां सर्वांनाच त्यात विचार करण्यासारखे पुष्कळ आहे.

इ. स. पू. २२१ मध्ये छिन घराण्याने सारा चीन एका छत्राखाली आणला. इ. स. पू. २१० मध्ये पहिला सम्राट वारला आणि चार वर्षांत ते घराणे नामशेष झाले. नंतरच्या यादवीत लिउ पांग हा शेतकरी कुळातील पुरुष इ. स. पू. २०२ मध्ये विजयी होऊन सम्राट झाला. त्याचे हान घराणे मध्यंतरीचा एक खंड सोडल्यास सुमारे चारशे वर्षे टिकले. या दीर्घ काळात राज्याधिकाराची एक कल्पना लोकांच्या मनात खोल रुजली. ती कल्पना हान घराण्याहूनही जुनी होती. अधिकार हा स्वर्गाने दिलेला असतो; जो सद्गुणी असेल त्यास तो मिळतो आणि दुर्गुणी ठरल्यास काढूनही घेतला जातो. पुराणकालीन याओ राजाने आपल्या मुलास डावलून सद्गुणी शुन यास राज्य दिले आणि आपल्या दोन कन्याही दिल्या, ही कथा प्रत्येक शिकलेल्या माणसास ठाऊक होती. शिवाय राज्य चालवीत ते हजारो कारकून व अधिकारी. त्यांना हुकूम मान्य व्हावयाचा तर त्यावर सम्राटाची मोहोर लागे. तलवारीने राजधानी घेता येत असे. परंतु दूरच्या परगण्यातील सारा आणि तेथील विद्वानांची मान्यता तिने मिळत नसे.

या वाटेवरील पहिली पायरी एका निष्ठावंताने घातली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. हुओ क्वांग हा हान दरबारचा महासेनापती. इ. स. पू. ८७ मध्ये वू सम्राटाने मरतेसमयी आठ वर्षांच्या वारसास त्याच्या हवाली केले. पुढे तो बालराजा निपुत्रिक वारला आणि लिउ ह या राजपुत्रास गादीवर बसविण्यात आले. तो उच्छृंखल निघाला. तेव्हा इ. स. पू. ७४ मध्ये हुओ क्वांगने दरबार भरविला. एक सरदार तलवारीच्या मुठीवर हात ठेवून उभा राहिला आणि जो विरोध करील त्याचे शिर उडवीन असे त्याने बजावले. नव्या सम्राटाच्या १,१२७ अपराधांची यादी वाचण्यात आली, आणि अवघ्या सत्तावीस दिवसांत तो पदच्युत झाला. हुकूम निघाला तो राजमातेच्या नावाने. आणि ही राजमाता म्हणजे हुओ क्वांगची सुमारे पंधरा वर्षांची नात होती. हुओ क्वांगने स्वतः गादी घेतली नाही. नंतर बसविलेला सम्राट उत्तम निघाला; म्हणून इतिहासाने हुओ क्वांगला थोर म्हटले. परंतु तो वारल्यावर दोन वर्षांतच, इ. स. पू. ६६ मध्ये, त्याचे कुटुंब बंडाच्या आरोपावरून कापून काढण्यात आले. या प्रकरणातून पुढील पिढ्यांनी दोन धडे घेतले. राज्याच्या हितासाठी सेनापती सम्राटाला काढू शकतो, हा एक. आणि ज्याने एवढी सत्ता भोगली त्याला ती सोडून सुखरूप घरी परतता येत नाही, हा दुसरा. पुढचे पुष्कळसे अनर्थ या दुसऱ्या धड्यातून निघाले, असे आमचे मत आहे.

दुसरी पायरी वांग मांगची. हा रणांगणावरचा वीर नव्हे. पण महासेनापतीचे पद त्याने राजमातेच्या, म्हणजे आपल्या आत्याच्या, आधाराने मिळविले होते. साधी राहणी आणि शास्त्रांचे अध्ययन यांमुळे त्याचा लौकिक मोठा होता. इ. स. ५ मध्ये त्यास 'नऊ देणग्या' मिळाल्या, बालसम्राटाच्या मृत्यूनंतर तो 'कार्यवाह सम्राट' झाला आणि इ. स. ९ मध्ये त्याने 'शिन' म्हणजे 'नूतन' नावाचे राज्य घोषित केले. वृद्ध राजमातेकडे राजमुद्रा मागावयास माणूस गेला, तेव्हा तिने संतापाने ती जमिनीवर आपटली व तिचा कोपरा फुटला, अशी कथा आहे. पुढे पीत नदीच्या महापुरांनी शेतकरी उद्ध्वस्त झाले, बंडे उठली आणि इ. स. २३ मध्ये वांग मांग राजवाड्यातच मारला गेला. हान घराणे इ. स. २५ मध्ये पुन्हा गादीवर आले. त्याच घराण्याच्या आश्रयाने पूर्व-हानांचा इतिहास लिहिणाऱ्या पान कू या इतिहासकाराने वांग मांगला सम्राटांच्या प्रकरणांत जागा दिली नाही. त्यास चरित्रांच्या शेवटी नेऊन बसविले. तो यशस्वी झाला असता, तर हेच वृत्त दुसऱ्या ठिकाणी व दुसऱ्या शब्दांत लिहिले गेले असते, हे उघड आहे.

नुसत्या बळाचे काय होते याचा दाखला इ. स. १८९ मध्ये मिळाला. दरबारातील षंढांनी सेनापती ह चिन याचा खून केला, त्याच्या पक्षाने षंढांची सरसकट कत्तल केली आणि त्या गोंधळात सीमेवरचा सरदार तुंग चो सैन्यासह लोयांग राजधानीत शिरला. त्याने एका सम्राटास काढले, त्याच्या धाकट्या भावास म्हणजे श्येन यास बसविले आणि पुढल्या वर्षी राजधानी जाळली. विधीची वा विद्वानांची त्याने पर्वा केली नाही. इ. स. १९२ मध्ये त्याच्याच मानलेल्या मुलाने त्यास ठार केले.

त्साओ त्साओ याने हा धडा नीट गिरविला. इ. स. १९६ मध्ये अन्नान्नदशेत भटकणाऱ्या तरुण श्येन सम्राटास त्याने आपल्या शू नगरीत आणून मानाने ठेवले. सल्ला होता श्युन यू या विद्वान मंत्र्याचा. सम्राट आपल्यापाशी असला म्हणजे आपला प्रत्येक हुकूम राजाज्ञा ठरतो आणि विरोधक आपोआप बंडखोर ठरतात, हे दोघांनीही ओळखले होते. तेथून पुढे पदे कशी चढत गेली ते पाहावे. २०८ साली तो महामंत्री झाला. २१२ साली दरबारात नावाचा पुकारा न होता प्रवेश, लगबगीने पावले न टाकण्याची मोकळीक आणि तलवार व पादत्राणांसह दालनात येण्याची परवानगी, असे तीन मान त्यास मिळाले. २१३ साली 'वेइ'चा सरंजाम व नऊ देणग्या आल्या. २१६ साली 'वेइ'चा राजा हे पद आले.

या नऊ देणग्यांचा अर्थ समजल्याखेरीज ही रीत समजणार नाही. रथ व अश्व, राजवस्त्रे, वाद्ये, शेंदरी दारे, आच्छादित जिना, शरीररक्षकांचे पथक, धनुष्यबाण, परशू आणि यज्ञीय मद्य अशा या वस्तू. वरवर पाहता हा सत्काराचा थाट दिसतो. परंतु परशू म्हणजे शिक्षा देण्याचा अधिकार, धनुष्यबाण म्हणजे मोहिमेवर जाण्याचा अधिकार आणि मद्य म्हणजे पितरांची पूजा करण्याचा अधिकार. एकेक वस्तू देताना सम्राट आपल्या सत्तेचा एकेक भाग स्वहस्ताक्षराने काढून देत होता. शेवटी त्याच्यापाशी मोहोर तेवढी राहिली.

श्युन यू यास हे दिसले. आपण सम्राटास वाचविण्यासाठी सेनापतीस साहाय्य केले, सम्राटास गिळण्यासाठी नव्हे, अशा भावनेने त्याने या सन्मानास विरोध केला. २१२ सालीच तो वारला. दुःखाने की विषाने, याविषयी जुन्या ग्रंथांत एकमत नाही. आम्हांस या साऱ्या कथेत त्याचे चरित्र सर्वांत हृदयस्पर्शी वाटते. सोळा वर्षे एकेक पायरी योग्य समजून चढविणाऱ्यास जिना कोठे जातो हे शेवटी कळावे, यातील वेदना कोणाही विचारी माणसास जाणवेल.

त्साओ त्साओ स्वतः सम्राट झाला नाही. २२० साली तो वारला आणि त्याच वर्षी त्याचा पुत्र त्साओ फी याने श्येन सम्राटाकडून 'राज्यदान' घेतले. सम्राटाने राज्य देऊ करावे, राजाने नम्रपणे नाकारावे, असे तीनदा झाले. मग शू नगरीच्या दक्षिणेस वेदी उभारून समारंभ पार पडला. याओच्या कथेप्रमाणे श्येनने पुढे आपल्या दोन कन्याही त्यास दिल्या. शुन-यूंच्या कथेचा खरा अर्थ आज आपणांस कळला, अशा आशयाचे उद्गार विधीनंतर त्साओ फीने काढले असे सांगतात. पदच्युत सम्राटास मात्र मानाने वागविले गेले. त्यास सरदारकी मिळाली, हानांची कालगणना चालू ठेवण्याची मुभा मिळाली आणि २३४ साली तो स्वाभाविक मृत्यूने वारला.

आता याच जिन्यावरून सिमा घराणे चढले. सिमा यी हा वेइ राज्याचा वृद्ध सेनापती. २३९ साली मरणाऱ्या सम्राटाने आपला बालवारस त्याच्या व त्साओ श्वांगच्या हाती दिला. त्साओ श्वांगने त्यास सत्तेबाहेर ठेवले, तेव्हा सिमा यी आजाराचे सोंग घेऊन घरी बसला. २४९ साली त्साओ श्वांग सम्राटासह थडग्याच्या दर्शनास नगराबाहेर गेला असता म्हाताऱ्याने दरवाजे बंद केले आणि राजमातेच्या नावाने हुकूम काढला. शरण आल्यास प्राण वाचतील, या शपथेवर त्साओ श्वांगने शस्त्र ठेवले. थोड्याच दिवसांत तो सहकुटुंब मारला गेला. २५४ साली सिमा यीच्या थोरल्या मुलाने सम्राट काढला, तो हुओ क्वांगचा दाखला देऊन.

नवा सम्राट त्साओ माओ मानी होता. सिमा चाओच्या मनात काय आहे हे रस्त्यावरच्या वाटसरूसही ठाऊक आहे, असे तो म्हणाला. त्या उद्गाराची चिनी भाषेत म्हण झाली. २६० साली तीन मंत्र्यांना बोलावून त्याने आपला बेत सांगितला. दोघे धावत जाऊन सिमा चाओस खबर देऊन आले. विरोध करूनही तिसरा, वांग चिंग, तेथेच राहिला आणि पुढे आपल्या आईसह वधाला गेला. काहीशे नोकर घेऊन सम्राट स्वतः तलवार उपसून रस्त्यावर उतरला. सैनिक बिचकले; तेव्हा च्या छुंग या अधिकाऱ्याने चेतविल्यावरून चेंग ची नावाच्या शिपायाने भाला खुपसून त्यास ठार केले. च्या छुंगला देहान्त द्या असे एका सरदाराने सुनावले. सिमा चाओने चेंग चीचा वध करविला आणि च्या छुंगला वाचविले. अनेकदा नाकारलेल्या नऊ देणग्या त्याने २६३ साली स्वीकारल्या, आणि २६६ च्या आरंभी त्याच्या मुलाने तीच वेदी, तोच नकार, तेच राज्यदान असा विधी करून चिन घराणे स्थापिले. पंचेचाळीस वर्षांपूर्वी त्साओंनी जे केले तेच त्यांच्या वाट्यास आले.

या वधाची इतिहासात नोंद कशी झाली? छन शौ हा इतिहासकार चिन घराण्याचा सेवक. त्याने सम्राट अमुक दिवशी वारला, वय वीस, एवढेच लिहिले. भाल्याचा उल्लेख नाही. परंतु ४२९ साली फेइ सुंगच याने त्या ग्रंथावर टीपा लिहिल्या आणि इतर ग्रंथांतील वृत्तान्त उतरवून घेतला. म्हणून आज आपणांस सत्य कळते. मूळ ग्रंथातील मौन आणि टीपेतील साक्ष ही दोन्ही शेजारी ठेवून वाचावी, हे विद्यार्थ्यांस शिकविणे सनावळी पाठ करून घेण्यापेक्षा अधिक मोलाचे आहे.

मराठी वाचकास येथे साताऱ्याचे स्मरण झाल्याखेरीज राहणार नाही. सर्व सत्ता पुण्यास असूनही पेशवाईची वस्त्रे छत्रपतींकडूनच येत राहिली. आणि १७८४ साली महादजी शिंद्यांनी दिल्लीच्या शहाआलम बादशहाकडून पेशव्यांच्या नावे वकील-इ-मुतलकचे पद मिळविले. बळ एकाकडे आणि नाव दुसऱ्याकडे, हा प्रकार तोच. भेद इतकाच की साताऱ्याच्या गादीवर पेशवे स्वतः बसले नाहीत. चीनमध्ये शेवटची पायरी चढून जाण्याचा विधी तयार होता, म्हणून ती वारंवार चढली गेली.

४२० साली लिउ यू सेनापतीने चिन घराण्याकडून तेच राज्यदान घेतले. पण पदच्युत सम्राटास त्याने पुढल्याच वर्षी ठार करविले. ४७९ साली लिउ घराण्याच्या शेवटच्या बालसम्राटाचीही तीच गत झाली. विधी तसाच राहिला. त्यातील दया तेवढी गेली.

त्या विद्यार्थ्यास आम्ही जे उत्तर दिले ते असे : सेनापतीला वेळ लागतो, कारण राज्य घेणे पुरेसे नसते, ते आपले होते असे लोकांस वाटावे लागते, आणि ते पटविण्यासाठी तो जी युक्तिवादाची शिडी उभारतो, ती काढून नेण्याचे सामर्थ्य त्याच्यात नसते. चिन घराण्याच्या मिंग सम्राटाची एक कथा आहे. ३२३ ते ३२५ या काळात तो राज्यावर होता आणि त्याच्यावरही एक बंडखोर सेनापती चालून आला होता. आपल्या पूर्वजांनी राज्य कसे मिळविले, असे त्याने एकदा मंत्र्यास विचारले. मंत्र्याने सिमा यीपासून त्साओ माओच्या वधापर्यंत सर्व सांगितले. तेव्हा सम्राटाने शय्येत तोंड लपविले आणि असे असेल तर आपले राज्य टिकावे तरी कसे, असे तो म्हणाला.